लोंबत्या वेलीचं पांढरं पान जगतं कशावर?

पांढऱ्या-हिरव्या पानांची लोंबती वेल घरी आणताना जशी दिसते, तशीच ती पुढे राहील याची खात्री नसते. काही महिन्यांनी तीन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, नवी पानं नुसतीच हिरवी यायला लागली. दोन, वेल लांब झाली खरी, पण कुंडीजवळ बोडकी पडली आणि सगळी पानं खाली टोकाला गेली. तीन, पानांचा पांढरा भाग कडेने तपकिरी होऊन वाळतोय. यावरचे सल्लेही ठरलेले असतात: खत घाला, पाणी फवारा, जागा बदला. कधी ते लागू पडतात, बरेचदा पडत नाहीत. कारण या तिन्ही तक्रारींमागची कारणं वेगवेगळी आहेत आणि पहिलीचा तर खताशी जवळजवळ काहीच संबंध नाही.

इथे ज्या वेलींबद्दल बोलतोय त्या म्हणजे मनी प्लांटच्या ‘मार्बल क्वीन’, ‘एन्जॉय’ यांसारख्या जाती, होयाच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या जाती, ट्रॅडेस्कँशिया, फिलोडेंड्रॉन ‘ब्राझील’, स्ट्रिंग ऑफ हार्ट्सची गुलाबी-पांढरी जात, दोनरंगी आयव्ही. यातल्या प्रत्येकीचे लाड वेगळे, पण पांढऱ्या पानाची अडचण सगळ्यांची सारखीच.

पांढरं, चंदेरी आणि गुलाबी

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे, आणि त्याच हरितद्रव्याच्या जोरावर ते उजेडातून साखर बनवतं. व्हेरिगेटेड, म्हणजे दोनरंगी, पानातल्या काही पेशींना हरितद्रव्य बनवताच येत नाही. त्या जिवंत असतात, श्वसन करतात, पाणी वापरतात. पण साखर मात्र शेजारच्या हिरव्या पेशींकडून येते तेवढीच. कमावणारे कमी आणि खाणारी तोंडं जास्त असलेल्या घराचं जे होतं तेच अशा वेलीचं होतं. भागतं, पण शिल्लक फारशी पडत नाही. पूर्ण हिरव्या मनी प्लांटशेजारी ठेवलेला ‘मार्बल क्वीन’ तितक्याच उजेडात आणि तितक्याच पाण्यावर मागे पडतो, तो यामुळेच. त्याची वाढ हळूच असते.

मात्र पानावरचा प्रत्येक फिका भाग असा परावलंबी नसतो. सिंडॅप्सस पिक्टस, ज्याला सॅटिन पोथॉस म्हणतात, त्याचे चंदेरी ठिपके किंवा ट्रॅडेस्कँशिया झेब्रिनाचे चंदेरी पट्टे पाहा. तिथे पानाच्या वरच्या पातळ सालीखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांवरून उजेड परावर्तित होतो आणि तो भाग चकाकतो. खालच्या पेशी व्यवस्थित हिरव्या असतात आणि आपलं काम करत असतात. म्हणून या वेली मध्यम उजेडातही तग धरतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. पान खिडकीच्या उजेडासमोर आडवं धरा आणि खालच्या बाजूने बघा. चंदेरी भाग तिथून इतर पानासारखाच दिसेल. खरोखर हरितद्रव्य नसलेला भाग मात्र दोन्ही बाजूंनी फिकट दिसेल आणि त्यातून उजेड जास्त आरपार येईल. वेलीला किती उजेड लागणार याचा अर्धा निर्णय या एका तपासणीत होतो.

गुलाबी छटा आणखी वेगळी. ती अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याची. हे रंगद्रव्य चांगल्या उजेडात वाढतं आणि अंधाऱ्या जागी फिकं पडतं. होयाची कोवळी पानं गुलाबी उमलून पुढे पांढरट होतात, त्याला रोग समजू नये. पिवळसर-लिंबू रंगाच्या पानांत बहुधा थोडंफार हरितद्रव्य असतं, त्यामुळे ती पांढऱ्या पानांपेक्षा काटक निघतात.

एक सावधगिरी इथेच सांगून टाकतो. वर्षानुवर्षं हिरव्या असलेल्या वेलीवर अचानक पिवळसर, वेडेवाकडे डाग आले आणि पानं चुरगळलेली, आखूड यायला लागली, तर नवी दुर्मीळ जात मिळाली म्हणून हरखून जाऊ नका. विषाणूही अशी नक्षी काढतात. सतराव्या शतकात ज्या पट्टेरी ट्युलिपसाठी लोक वेडे झाले होते, त्या पट्ट्यांमागे विषाणू होता. हा पट्टेरीपणा एका कंदातून दुसऱ्यात संसर्गाने जातो, हे डोरोथी केली यांनी 1928 च्या सुमारास प्रयोगाने दाखवलं. अशी वेल बाजूला ठेवावी आणि तिच्यावर वापरलेली कात्री पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये.

नक्षी ठरते कुठे?

आपण पानाकडे बघत असतो, पण पानाची नक्षी पानात ठरत नाही. ती ठरते शेंड्यात. वेलीच्या अगदी टोकाला, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात, सतत विभागणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो. पुढे येणारं प्रत्येक पान, पेर आणि डोळा (ज्यातून नवा फुटवा येतो तो) त्यातूनच बनतो. बहुतेक फुलझाडांत या पेशी थरांत मांडलेल्या असतात, साधारण तीन थर, आणि एका थरातल्या पेशी बहुतांशी आपल्याच थरात राहतात. आता यातल्या एका थराने हरितद्रव्य बनवण्याची क्षमता गमावली असेल, तर त्या थरापासून बनणारा पानाचा भाग पांढरा येणार आणि बाकीचा हिरवा. एकाच रोपात दोन वेगळ्या जनुकीय घडणीच्या पेशी अशा शेजारी शेजारी नांदतात. हान्स विंकलर यांनी 1907 मध्ये अशा रोपांना ‘कायमेरा’ हे नाव दिलं आणि पांढऱ्या कडेच्या जिरेनियमची थरांची रचना एर्विन बाउर यांनी 1909 मध्ये उलगडली.

होयाच्या दोन जाती शेजारी ठेवल्या की हे चटकन लक्षात येतं. ‘क्रिमझन क्वीन’मध्ये पानाचा मधला भाग हिरवा आणि कड पांढरी. ‘क्रिमझन प्रिन्सेस’मध्ये अगदी उलटं, मधे पांढरट आणि कड हिरवी. मूळ वनस्पती एकच, होया कार्नोसा. फरक आहे तो कोणत्या थरात हरितद्रव्य नाही, याचा.

याचे परिणाम व्यवहारात फार महत्त्वाचे आहेत. उमललेलं पान आपली नक्षी पुढे बदलत नाही. हिरवं उमललं तर ते हिरवंच राहणार. ज्या पेशींना हरितद्रव्य बनवता येत नाही त्यांना खत, मीठ, औषध किंवा मायेचे शब्द घालून ते शिकवता येत नाही, आणि हिरव्या पेशींना ते विसरायलाही लावता येत नाही. पेशी मात्र अधूनमधून थर बदलतात. विभागणीत एखादी हिरवी पेशी शेजारच्या थरात घुसते, तिथे तिची संतती वाढते आणि शेंडाच्या शेंडा हिरवा होतो. किंवा एखादा डोळा नेमका अशा जागी तयार होतो जिथे फक्त हिरव्याच पेशी आहेत. पुढचा सगळा फुटवा हिरवा. तो भरपूर साखर बनवतो, म्हणून झपाट्याने वाढतो आणि पांढऱ्या-हिरव्या फुटव्यांना मागे टाकतो. काही महिन्यांनी कुंडीत तोच उरतो.

झुडपाला अनेक शेंडे असतात. एक बिघडला तरी बाकीचे असतात. लोंबती वेल मात्र एकाच शेंड्यावर धावत असते. त्या शेंड्यात एकदा बदल झाला की पुढची दोन-तीन हात लांबी त्या बदलाची. म्हणूनच अशा वेलीची नक्षी टिकवणं हे नंतर करायच्या उपचारापेक्षा वेळच्या वेळी शेंडे निवडण्याचं काम आहे.

मनी प्लांटचं प्रकरण थोडं निराळं. त्याची नक्षी नीट थरांत बसत नाही, शिंतोडे उडाल्यासारखी असते आणि प्रत्येक पानाची मांडणी नवी येते. एखादं पान जवळजवळ पांढरं, पुढचं निम्मं, त्यापुढचं हिरवं, हे त्याच्यात नेहमीचंच. एका हिरव्या पानाने घाबरून कात्री काढायची गरज नाही. सलग तीन-चार पानं हिरवी आली तर मात्र काढायची.

कात्री कुठे चालवायची

हिरव्या झालेल्या वेलीच्या शेंड्यापासून मागे मागे या. जिथे शेवटचं मनासारखं दोनरंगी पान दिसेल तिथे थांबा. आता पान सोडून खोड बघा. बऱ्याच व्हेरिगेटेड वेलींच्या खोडावर फिक्या आणि हिरव्या रेषा लांबीने धावताना दिसतात. पेरावर, पानाचा देठ जिथून निघतो त्या बगलेत, एक डोळा असतो. तो डोळा त्याच जागच्या पेशींचा बनलेला असतो. तिथे फिकी आणि हिरवी अशा दोन्ही रेषा असतील, तर त्यातून दोनरंगी फुटवा येण्याची शक्यता सर्वांत चांगली. डोळा नुसत्या हिरव्या पट्ट्यात असेल तर फुटवा बहुधा हिरवाच येईल, मग त्याच पेराचं पान कितीही देखणं असो. उत्तम पान पाहून कापलं आणि तरी हिरवंच आलं, असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा खोड बघायचं राहिलेलं असतं.

योग्य पेर सापडलं की त्याच्या साधारण एक सेंटिमीटर वर, शेंड्याच्या बाजूला, स्वच्छ धारदार कात्रीने काप द्या. कापल्यामुळे डोळा जागा का होतो? चालू शेंडा ऑक्झिन नावाचं संप्रेरक बनवतो, ते खोडातून मागे येतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दबवून ठेवतं. शेंडा गेला की हा दबाव उठतो आणि सर्वांत जवळचे एक-दोन डोळे फुटतात. उबदार दिवसांत दोन ते सहा आठवड्यांत कोंब दिसायला हवा. होया आळशी, त्याला जास्तही लागू शकतात. आलेला फुटवा हिरवा निघाला, तर आणखी एक-दोन पेरं मागे जाऊन पुन्हा कापायचं. हे काम एकदा करून संपत नाही, वेल असेपर्यंत अधूनमधून चालूच राहतं.

उलट बाजूही सांभाळावी लागते. सलग दोन-तीन पानं पूर्ण पांढरी आली तर मन हरखतं, पण तो शेंडा स्वतःचं पोट भरू शकत नाही. मागची पानं तोवर त्याला पोसतात, आणि ती थकली की पांढरी पानं वाळतात. माझ्या मते निम्म्याहून थोडा जास्त भाग हिरवा असलेली वेल सर्वांत सुखाने जगते, आणि पांढऱ्या शेंड्यावर कात्री चालवणं हिरव्यापेक्षा कठीण जातं ते केवळ आपल्या हौसेपायी.

कात्री काढण्याआधी एक गोष्ट मात्र तपासा. विकत मिळणाऱ्या टांगत्या कुंडीत बहुतेकदा एक वेल नसतेच. भरगच्च दिसावं म्हणून पाच-दहा वेगवेगळे फाटे, म्हणजे वेलीचे कापलेले तुकडे, एकत्र लावलेले असतात. त्यातला एखादा पहिल्यापासून हिरवा असू शकतो. माती बाजूला सारून बघा. हिरवी वेल स्वतंत्र मुळांची निघाली तर ती कापत बसू नका, मुळासकट उपटून दुसऱ्या कुंडीत लावा.

मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंडॅप्सस या वेलींच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कापताना हात चुरचुरू शकतो. डोळे चोळू नयेत. पान चावलं तर तोंडाची आग होते आणि सूज येते, आणि लोंबणारी टोकं नेमकी रांगत्या मुलांच्या व मांजरांच्या टप्प्यात येतात. घरात यांपैकी कुणी असेल तर होया हा बिनविषारी पर्याय आहे. ट्रॅडेस्कँशियाचा रस काहींच्या, विशेषतः कुत्र्यांच्या, त्वचेला खाज आणतो.

उजेड: डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

“उजेड वाढवला की पांढरं परत येतं” हे वाक्य अर्धं खरं आहे. उजेड कमी असेल तर पांढरे फुटवे उपाशी राहतात आणि हिरवे पुढे निघून जातात. मनी प्लांट तर अंधाऱ्या जागी नवी पानंच जास्त हिरवी काढतो. तिथे उजेड वाढवला की नव्या पानांत फरक दिसतो. पण होयाचा एखादा शेंडा पूर्ण हिरवा झाला असेल, तर त्याला कितीही उजेड दाखवा, तो हिरवाच वाढेल. तिथे कात्रीच हवी. म्हणजे उजेड पांढऱ्या भागाला जगवतो. तो भाग वेलीत टिकवणं ही वेगळी गोष्ट.

मग उजेड किती हवा? इथे आपले डोळे दगा देतात. बाहुली लहान-मोठी होत असल्यामुळे आपल्याला अंगण आणि खोली यांत थोडाच फरक जाणवतो. प्रत्यक्षात कडक उन्हात सुमारे 1,00,000 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) उजेड असतो, ढगाळ दिवशी बाहेर 10,000 च्या आसपास, आणि ‘लख्ख’ वाटणाऱ्या खोलीच्या मध्यात अनेकदा 200-300. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत आलं की उजेड एक दशांशावर किंवा त्याच्याही खाली उतरतो. व्हेरिगेटेड वेलीला दिवसभर 1,000 ते 2,000 लक्स हा तग धरण्यापुरता उजेड समजावा. त्याहून बराच जास्त, पण थेट दुपारचं ऊन टाळून, मिळाला तर ती खऱ्या अर्थाने वाढते. मोबाइलवरची लक्स मोजणारी ॲपं अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात.

मोजमापाचा कंटाळा असेल तर डोकं झाडाच्या पानांच्या पातळीवर न्या आणि तिथून खिडकीकडे बघा. आकाशाचा मोठा तुकडा दिसतोय का? दिसत असेल तर जागा चांगली. समोरची भिंत किंवा छतच दिसत असेल तर खोली कितीही प्रसन्न वाटो, पान उपाशी आहे. टांगत्या कुंडीची इथेच फसगत होते. कुंडी छताच्या हुकाला लटकवली की तिचा माथा खिडकीच्या वरच्या चौकटीपेक्षाही उंच जातो. तिथून आकाश दिसतच नाही. खाली लोंबणाऱ्या टोकांना उजेड आणि माथ्याला अंधार. वेल कुंडीजवळ बोडकी होण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

सकाळचं कोवळं ऊन बहुतेक वेलींना मानवतं. दुपारचं थेट ऊन पांढऱ्या भागाला जाळतं, आणि करपलेला भाग पुन्हा ताजा होत नाही. जागा बदलायची तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. खिडकीच नसेल तर पांढऱ्या एलईडी दिव्याखाली, पानांपासून वीतभर अंतरावर, रोज दहा-बारा तास ठेवलेली वेल बऱ्यापैकी चालते. दिवा माथ्यावर हवा, बाजूला नको.

बोडका माथा भरायचा कसा

उघड्या पडलेल्या खोडावर पुन्हा तिथेच पान येत नाही. जुन्या पेराचा डोळा फुटू शकतो, पण त्यातून येतो तो नवा फुटवा. तेव्हा माथा भरण्याचे मार्ग दोन. एक, लांब वेल उचलून कुंडीतल्या मातीवर गोल गुंडाळायची आणि पेरं मातीला टेकतील अशी वाकवलेल्या तारेने किंवा केसांच्या पिनेने दाबून ठेवायची. ओलसर मातीला लागलेल्या पेरांना मुळं फुटतात, डोळे जागे होतात. स्ट्रिंग ऑफ हार्ट्ससाठी तर ही पद्धत उत्तम, कारण तिच्या पेरांवर बारीक कंद धरतात आणि मातीवर ठेवले की मुळावतात.

दुसरा मार्ग, टोकं कापून त्याच कुंडीत लावायची. मनी प्लांटच्या एका फाट्याला निदान एक पेर आणि एक पान हवं. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर फार तर मुळं येतील, वेल येणार नाही, कारण डोळा पेरावर असतो. पाण्यात पेर बुडेल आणि पान वर राहील असं ठेवायचं, आठवड्याला पाणी बदलायचं. मुळं बोटभर झाली की लगेच मातीत न्यायचं. पाण्यात वाढलेल्या लांब मुळांना मातीत रुळायला वेळ लागतो. फाटा निवडतानाही खोडावरच्या रेषा बघायचा नियम तोच. पूर्ण पांढरा फाटा पाण्यात काही आठवडे सुंदर दिसेल आणि मग संपेल, हिरवा फाटा हिरवीच वेल देईल.

फाट्यांचा इतका विचार करायचं आणखी एक कारण आहे. मनी प्लांट आपणहून जवळजवळ कधीच फुलत नाही. मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा हा वेल, 1880 मध्ये ‘पोथॉस’ या प्रजातीनामाने नोंदवला गेला. फूल हाती नसल्यामुळे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला या ना त्या प्रजातीत फिरवलं आणि 1964 मध्ये तो आजच्या एपिप्रेम्नम ऑरियम या नावावर स्थिरावला. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याच्यात पुरेसं बनत नाही, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे घरोघरचे मनी प्लांट हे फाट्यांचे फाटे आहेत. थरांची नक्षी असलेल्या इतर वेलींतही बियांचा भरवसा नसतो. आई-वेलीची मांडणी रोपांत जशीच्या तशी उतरत नाही.

मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंडॅप्सस हे मुळात चढणारे वेल आहेत, लोंबणारे नव्हेत. झाडाच्या खोडाला धरून वर जाताना त्यांची पानं मोठी होत जातात. खाली लोंबू दिलं की पानं लहान आणि पेरांमधलं अंतर जास्त. लोंबतं रूपच हवं असेल तर हे मान्य करून दर काही महिन्यांनी टोकं खुडत राहायचं. होयाला मात्र हा नियम लावू नका. होया आधी लांब, बिनपानांची काडी फेकतो आणि पानं मागाहून काढतो. तिला वाळकी समजून छाटली की वाढीचा हंगाम वाया जातो. तसंच फुलं गळून गेल्यावर उरलेला आखूड दांडा तोडू नये, पुढची फुलं बहुतेकदा त्यावरच येतात.

पाणी, माती आणि तपकिरी कडा

अशी वेल हळू वाढते, म्हणून पाणीही हळू पिते. हिरव्या वेलीच्या वेळापत्रकाने पाणी घातलं की माती सतत ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. “दर रविवारी पाणी” हा नियम सोडून द्या. बोट दोन पेरं मातीत घाला. तिथे कोरडं लागलं तर पाणी. टांगती कुंडी असेल तर ती खालून किंचित उचलून वजन बघायची सवय त्याहून चांगली. थोड्याच दिवसांत हाताला ओलं-कोरडं कळू लागतं. होया आणि स्ट्रिंग ऑफ हार्ट्स आणखी कोरड्यावर चालतात, ट्रॅडेस्कँशियाला मात्र फार सुकवू नये. पाणी घालाल तेव्हा खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून द्या.

माती भुसभुशीत हवी: कोकोपीट, पर्लाइट, झाडाच्या सालीचे तुकडे आणि थोडं गांडूळखत असं मिश्रण चालतं. कुंडीच्या तळाला खडे घातल्याने निचरा सुधारतो ही समजूत फार जुनी आणि चुकीची. बारीक मातीतलं पाणी जाडसर खड्यांत सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडून राहतं आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. खत वाढीच्या दिवसांत, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं. थंडीत वाढ थांबल्यावर काहीच नको.

तपकिरी कडांची कारणं बरीच आहेत आणि ती एकमेकांत मिसळतात. पांढऱ्या पेशींपाशी स्वतःची साखर नसते, त्यामुळे वेलीवर कसलाही ताण आला की पहिला घाव तिथे बसतो. माती कधी खडखडीत तर कधी चिखल, खतातल्या किंवा जड पाण्यातल्या क्षारांचा साठा, कोरडी गरम हवा, दुपारचं ऊन. डाग फक्त खिडकीकडच्या बाजूला आणि अचानक आले असतील तर ऊन समजा. सगळ्या पानांच्या कडांना हळूहळू आले तर क्षार किंवा पाण्याची अनियमितता. कुंडीच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी मातीतून वाहू देऊन क्षार धुता येतात. खालची पानं पिवळी, मऊ आणि माती ओली असेल तर मुळं काढून बघाच. पानांवर पाणी फवारल्याने हवेतला ओलावा काही मिनिटंच वाढतो, तेव्हा त्याच्यावर विसंबू नये.

कीडही बघावी. पांढऱ्या पानावर पिठ्या ढेकूण चटकन दिसत नाही, म्हणून देठांच्या बगला आणि पानांची खालची बाजू उजेडात तपासा. फुलकिड्यांनी खरवडलेले चंदेरी चट्टे आणि लाल कोळ्याचे बारीक फिके ठिपके नक्षीतच खपून जातात. सुरुवातीलाच वेल नळाखाली धुतली आणि साबणाचं सौम्य पाणी किंवा निंबोळी तेल आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा मारलं, तर बहुधा आटोक्यात येते. पिठ्या ढेकूण थोडेच असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपावेत.

हे सगळं नीट असूनही जुन्या पानांचा पांढरा भाग हिरव्याच्या आधी वाळतोच. नवी पानं स्वच्छ येत असतील तर त्याची काळजी करू नये. वाळलेली कड डोळ्यांना खुपत असेल तर पानाच्या आकाराला धरून कात्रीने कापा, मात्र तपकिरी भागाची बारीक रेघ तशीच ठेवा. ताज्या पांढऱ्या पेशीत काप गेला की ती कड पुन्हा वाळत आत सरकते.